प्रयोगाची अंडी

ढाणकीला माझ्या सासरी अंडं घरात येत नव्हतं. मांस-मासळीचा तर प्रश्नच नव्हता, पण अंड्याचं नाव घ्यायचीही पद्धत नव्हती. सासूबाई त्याला ‘ते’ म्हणायच्या. बाजारात कोणी सायकलच्या कॅरिअरवर अंड्यांचे ट्रे बांधून येताना दिसला तर त्या रस्त्याच्या पलीकडे जायच्या, आणि तेही इतक्या सहजपणे की त्या माणसाला वाईट वाटू नये. माझं माहेर फुलसावंगीचं. तिथे रविवारी अंड्यांचा रस्सा असायचा. लग्न झाल्यावर मी तो सोडला, आणि खरं सांगते, फार काही सोडल्यासारखं वाटलं नाही.

अडचण आली ती शाळेमुळे. मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. एका वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं की प्रत्येकाने स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे प्रयोग वर्गात करून दाखवायचे. मी पुस्तक उघडून बसले तर सगळीकडे अंडंच. घनता शिकवायची, अंडं. जडत्व, अंडं. हवेचा दाब, परासरण, कमानीची ताकद, सगळं त्या एवढ्याशा वस्तूत भरलेलं. लिंबू आणि बटाट्याने काही दिवस काढता आले असते, पण अंड्याला पर्याय नव्हता. आणि वर्गात फजिती नको म्हणून आधी घरी करून पाहणं भाग होतं.

सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणते. मामाजींचं सगळं आयुष्य एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर गेलं. वजन केल्याशिवाय ते कशावरच विश्वास ठेवत नाहीत. दोडके आणले तरी घरी पुन्हा तोलतात. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि भीतभीत विषय काढला.

“खायाचं नाई?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“फक्त पाहायचं?”

“फक्त पाहायचं.”

त्यांनी चष्मा पुसला. “मंग ते खाद्य नाई झालं. ते साहित्य झालं. फूटपट्टी असते तसं.”

सासूबाईंना हे पटलं नाही, पण मामाजींनी एकदा शब्द शोधून काढला की त्यावर बोलता येत नाही. तरी त्यांनी आपल्या अटी घातल्याच. ‘ते’ शाळेच्या पिशवीतूनच आणायचं. उकडायचं ते अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या गंजात म्हणजे पातेल्यात, आणि गंजाच्या कडीला लाल दोरा बांधायचा. प्रयोग संपला की मागच्या दाराच्या कुत्र्याला टाकायचं. हे टाकायचं काम माझ्या नणंदेकडे आलं. ती उमरखेडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती, आणि घरात कोणतंही काम दिलं तरी तोंडावरची रेष न हलवता करायची. अंडंही ती तसंच वाटीत घेऊन, वर झाकण ठेवून मागे घेऊन जायची.

पहिला प्रयोग टरफल विरघळवण्याचा होता. त्याला व्हिनेगर लागतं. ते मी बसस्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवरून आणलं.

“मंचुरियन करून राह्यल्या का मॅडम?” गाडीवाल्याने विचारलं.

“नाही. अंड्याचं टरफल काढायचंय.”

त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, बाटली हातात ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

काचेच्या ग्लासात अंडं ठेवून वरून व्हिनेगर ओतलं तेव्हा मामाजी लांब खुर्चीवर बसले होते. अंड्यावर बारीक बुडबुडे धरले, तशी खुर्ची थोडी पुढे आली. मग आणखी पुढे आली.

“श्वास घेऊन राह्यलं का ते?”

“नाही मामाजी. टरफल चुन्यासारखं असतं. आंबटाने विरघळतं आणि वायू सुटतो.”

“म्हंजे दुखत नसन त्याले.”

“नाही.”

“तरी विचारलेलं बरं,” ते म्हणाले, आणि जेवायला हाक मारेपर्यंत तिथून उठले नाहीत.

टरफल पूर्ण गेलं तेव्हा आत उरलं ते एक मऊ, लिबलिबीत, पातळ पापुद्र्यात बांधलेलं अंडं. उजेडापुढे धरलं की आतला बलक दिसायचा. मामाजींनी आयुष्यात पहिल्यांदा अंड्याला हात लावला तो या अंड्याला. आधी त्यांनी तळहातावर रुमाल घेतला होता. मग म्हणाले, रुमालाने फाटन, आणि रुमाल बाजूला ठेवला.

ते अंडं साध्या पाण्यात ठेवलं तर फुगतं, कारण पापुद्र्यातून पाणी आत जातं. गुळाच्या पाकात ठेवलं तर सुकतं, कारण आतलं पाणी बाहेर येतं. हे मी त्यांना एकदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून आपला छोटा पितळी तराजू काढला. पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात हेच चाललं. अंडं पाण्यातून पाकात, पाकातून पाण्यात, आणि प्रत्येक वेळी तराजूवर. जेवताना ते मध्येच म्हणायचे, “वाढलं.”

“काय वाढलं?” सासूबाई विचारायच्या.

“ते.”

आता मामाजीही त्याला ‘ते’ म्हणायला लागले होते, पण त्यांचा सूर घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसा होता.

अशात नणंदेसाठी मारेगावहून स्थळ आलं. मुलाने फार्मसी केलेली, गावात औषधाचं दुकान. वडिलांचं कापडाचं दुकान. मध्यस्थाने जे सांगितलं त्यात सासूबाईंना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या घरातही अंडं चालत नाही. “आपल्यापेक्षाही कडक हायेत,” त्या चार घरी सांगून आल्या.

मारेगाव आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पाहुणे पहाटे निघून दुपारच्या जेवणाला पोचणार होते. सासूबाईंनी सकाळपासून घर घासलं. अंड्यांचं सगळं साहित्य, म्हणजे ग्लास, गंज, शाळेतून आणलेलं काचेचं शंकुपात्र, उकडलेली आणि कच्ची अंडी, मिठाची वाटी, हे कुठे लपवायचं हा प्रश्न होता. स्वयंपाकघरात पुरणाची आणि वड्यांची गर्दी. शेवटी त्यांनी ते समोरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये ठेवलं आणि काचेवर आतून टॉवेल लावला.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. माझे यजमान त्यांना गाडीतून उतरवून आणायला गेले होते. पाणी झालं, प्रवासाचं विचारून झालं, तुरीचा भाव विचारून झाला. मग मुलाच्या वडिलांची नजर शोकेसवर गेली. टॉवेल एका बाजूला सरकवलेला होता. मामाजींनीच सरकवला होता, त्याला उजेड पाहिजे म्हणून. ग्लासातल्या पाण्यात फुगलेलं ते पांढुरकं अंडं खिडकीतल्या उन्हात चमकत होतं.

“ते काय होय?” पाहुण्यांनी विचारलं.

“नारळ,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “कोवळा.”

“नारळ काहून म्हणतं?” मामाजी म्हणाले. “अंडं हाये ते.”

मी स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी होते. मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला.

“कायचं अंडं?” पाहुण्यांनी विचारलं.

“कोंबडीचं.”

“कायले?”

“विज्ञानाले.”

पाहुणे उठून उभे राहिले. मला वाटलं, निघाले. ते शोकेसजवळ गेले, कंबरेत वाकले आणि ग्लासाकडे पाहत राहिले. “टरफल कुठी गेलं?” ते म्हणाले.

यानंतर ते दोघं म्हातारे आपल्या आपल्या जागी बसलेच नाहीत. मामाजींनी सगळं साहित्य टीपॉयवर काढलं. चिवड्याच्या प्लेटा खुर्चीवर गेल्या. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं ते दाखवून झालं. मग मामाजींनी कच्चं अंडं पाहुण्यांच्या हातात दिलं. “मुठीत घ्या अन् चारी बाजूनं सारखं दाबा. कितीही ताकद लावा, नाई फुटत.”

“पाव्हणे, अंगठी,” मी दारातून म्हणाले, पण तोवर त्यांनी दाबलं होतं. अंगठीचा खडा एका जागी रुतला आणि अंडं त्यांच्या बोटांमधून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत आलं. पांढऱ्या सदऱ्याची बाही पिवळी झाली. सासूबाई भिंतीला टेकल्या. पाहुण्यांनी हाताकडे शांतपणे पाहिलं. अंगठी काढून बायकोच्या हाती दिली, रुमालाने हात पुसला आणि दुसरं अंडं मागितलं. या वेळी फुटलं नाही. ते दातओठ खाऊन दाबत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि अंडं जसंच्या तसं होतं.

“पाह्यलं का?” ते बायकोला म्हणाले. तिने अंगठी पिशवीत ठेवली.

याच वेळी नणंद चहाचा ट्रे घेऊन आली. नवी साडी, केसात गजरा. दोन्ही बाप टीपॉयवर डोकी घालून दोन अंडी फिरवून पाहत होते. उकडलेलं अंडं भोवऱ्यासारखं फिरतं, कच्चं डुगडुगतं. ती ट्रे धरून उभी राहिली.

“ठेव बेटा तिकडं,” मुलाचे वडील वर न पाहता म्हणाले.

ठेवायला जागा नव्हती. तिने ट्रे स्वतःच्या मांडीवर घेतला आणि रिकाम्या खुर्चीवर बसली. मुलगा तिच्या बरोबर समोर होता, आणि तोही अंड्याकडेच पाहत होता.

आता शंकुपात्राचा प्रयोग राहिला होता. पात्राच्या तोंडापेक्षा किंचित मोठं असं उकडलेलं, सोललेलं अंडं वर ठेवायचं. त्याआधी आत पेटता कागद टाकायचा. आतली हवा तापून बाहेर जाते, कागद विझला की उरलेली थंड होते, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने अंडं आत ढकललं जातं. पण अंडं सोलणार कोण? मामाजींना सोलता येत नव्हतं, माझे हात कणकेत होते.

“द्या इकडं,” मुलगा म्हणाला.

त्याने अंडं घेतलं. दोन्ही टोकांना हलकंसं टीपॉयवर आपटलं, तळव्याखाली धरून एकदा गोल फिरवलं, आणि टरफल एका सलग पट्टीत उतरवलं. मग पाण्याच्या ग्लासात बुचकळून वर काढलं. सगळे त्याच्या बोटांकडे पाहत होते. त्याचा डावा हात आपोआप मिठाच्या वाटीकडे गेला. त्याने चिमूटभर मीठ अंड्यावर चोळलं आणि अंडं तोंडाजवळ नेलं. तिथे त्याच्या लक्षात आलं की आपण कुठे बसलो आहोत.

अंडं ओठांपुढे धरून तो तसाच थांबला. त्याच्या आईने डोळे मिटले. मग त्याने हात हळूच खाली आणला आणि ते मीठ लावलेलं अंडं मामाजींपुढे धरलं. “सोललं,” तो म्हणाला.

“सुंदर,” मामाजी म्हणाले. त्यांना बाकी काही दिसलंच नव्हतं.

कागद पेटवला, पात्रात टाकला, वर अंडं बसवलं. ते थोडं थरथरलं, लांबट झालं आणि थप आवाज करून आत पडलं. मुलाच्या वडिलांनी पात्र सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. “आता हे काढाचं कसं?”

ते मी मामाजींना शिकवलं होतं. पात्र उलटं करायचं, अंडं मानेत येऊ द्यायचं, जोरात आत फुंकायचं आणि लगेच तोंड बाजूला घ्यायचं. आत हवा कोंडली जाते आणि ती अंड्याला बाहेर ढकलते. मामाजींनी हे सगळं सांगितलं. शेवटचं तेवढं सांगायचं राहिलं.

“मी करतो,” पाहुणे म्हणाले.

त्यांनी मान मागे टाकली, उलटं पात्र तोंडाला लावलं आणि छातीत भरलेली सगळी हवा आत सोडली. अंडं बाहेर आलं ते सरळ त्यांच्या तोंडात.

त्यांनी पात्र खाली ठेवलं. दोन्ही गाल भरलेले, डोळे मोठे झालेले. मला त्यांची अडचण कळत होती. थुंकावं तर परक्याच्या घरी, मुलगी समोर बसलेली, आणि गिळावं तर जन्मभराचा नेम. ते कितीतरी वेळ आमच्याकडे एकेक करून पाहत होते, जणू आमच्यापैकी कोणी काही सुचवेल. मग त्यांचा जबडा एकदा हलला. पुन्हा हलला. त्यांनी सावकाश, मान खाली घालून, सगळं अंडं चावून खाल्लं.

“मीठ बरोबर हाये,” ते म्हणाले.

मुलाच्या आईने पाण्याचा ग्लास पुढे केला. “केसाले लावते तवा एवढा वास नाई येत,” ती हळूच म्हणाली.

“कोणाच्या केसाले?”

“माह्या.”

“घरी आणतं?”

“आणते.”

पाहुण्यांनी तिच्या अंबाड्याकडे पाहिलं. तो चांगला मोठा आणि काळाभोर होता. ते पाणी प्यायले आणि त्यांनी विषय मुलाकडे नेला. “अन् तू खातं.”

“होस्टेलले लागली सवय,” मुलगा म्हणाला.

“मले सोलून राह्यला तवाच समजलं,” ते म्हणाले. रागावल्यासारखे दिसले नाहीत. आपल्या घरात इतकं काय काय चाललं होतं आणि आपल्याला आज कळतंय, याचा हिशेब ते लावत असावेत.

रीतीप्रमाणे मुलामुलीला गच्चीवर बोलायला पाठवलं. तिथे काय झालं ते मला नणंदेने नंतर सांगितलं. मुलगा म्हणाला, तुमच्या घरी हे चालत नाही, मला माहीत आहे, मी सोडून देईन. नणंद म्हणाली, सोडू नका, कुत्र्याच्या वाट्याचं मीच खाते. इतके दिवस ती वाटीवर झाकण ठेवून मागे जायची ती भिंतीआड उभी राहून खायला. मागच्या दाराचा तो कुत्रा झाकलेली वाटी पाहूनही शेपूट का हलवत नाही, ते मला त्या दिवशी समजलं.

पाहुणे जेवून गेले. पसंत की नापसंत, एक शब्द बोलले नाहीत. जाताना मुलाचे वडील फक्त शोकेसजवळ थांबले होते. गाडी वळली तशी सासूबाई आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या. “त्याईचा धर्म बाटवला आपण,” त्या भिंतीला म्हणाल्या.

मामाजींना वेगळीच काळजी होती. “पह्यल्यांदाच खाल्लं त्या माणसानं. अन् वरून पुरण. पोटाले झेपन का?” संध्याकाळी त्यांनी फोन लावला. मी शेजारीच होते.

“पोट कसं हाये?”

“मजेत,” पलीकडून आवाज आला. गाडीत असावेत.

“काही जड वगैरे?”

“नाई. वाटेत चहा घेतला. भाऊ, त्या पाण्यातल्याचं पुढं काय करता?”

“रात्रभर राहू देतो. सकाळी तोलतो.”

“सांगा मंग किती भरलं ते.” आणि जरा थांबून, “पोरगी पसंत हाये आमाले. पोराले विचारलं, तो हो म्हणते. तुमी तिले विचारा.”

तिला विचारलं. ती म्हणाली, “चालते. सोलताना घाई नाई करत तो.”

सासूबाई उठून बसल्या. त्यांनी लेकीला समोर बोलावलं. “तू खातं?”

“खाते.”

सासूबाई साडीचा काठ चाचपत होत्या. “कच्चं का शिजलेलं?”

“शिजलेलं.”

“मंग ठीक हाये,” त्या म्हणाल्या, आणि भांडी आवरायला उठल्या.

वर्गात माझे प्रयोग नीट झाले नाहीत. पंख्याच्या वाऱ्याने कागद विझायचा आणि अंडं पात्राच्या तोंडावर नुसतं बसून राहायचं. पाण्यातलं अंडं मी नेऊ शकले नाही, कारण मामाजी द्यायला तयार नव्हते. पुढे एका सकाळी ते फुगून फुटलं. मामाजींनी ग्लास धुऊन ठेवला आणि दुपारी मारेगावला फोन करून कळवलं. पलीकडून काय म्हणाले माहीत नाही, पण मामाजी मधूनमधून “हो ना” म्हणत होते.

लग्न झालं. सगळं इतरांच्या लग्नासारखंच झालं. नणंद मारेगावला वरच्या मजल्यावर राहते आणि तिथे वेगळी शेगडी आहे. सासूबाई तिच्याकडे गेल्या की खिडकी उघडी ठेवायला सांगतात, बाकी काही बोलत नाहीत. मामाजींना मात्र तिकडे जायला कारण लागत नाही. सकाळच्या बसने निघतात आणि दोन दोन दिवस व्याह्यांच्या कापडाच्या दुकानात बसतात.

मागच्या वेळी त्यांना आणायला मी गेले होते. दुकानात गादीवर दोघं समोरासमोर बसलेले, मध्ये हळदीच्या पाण्याची वाटी आणि साबणाची वडी. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हा प्रयोग चालला होता. काउंटरवर एका बाईसाठी काढलेली पिवळी साडी उलगडून ठेवलेली होती. त्या नादात वाटी कलंडली, हळदीचा ओघळ साडीच्या पदरावर गेला, आणि व्याह्यांनी घाईने तो साबणाच्या ओल्या हाताने पुसला. पिवळ्या पदरावर हातभर लाल पट्टा उमटला.

ती बाई पुढे झाली. दोघं म्हातारे तिच्याकडे पाहत होते. तिने पदर उचलून उजेडात धरला, दोन्हीकडून पाहिला.

“चांगला दिसते,” ती म्हणाली. “याच्यावर जाईन असा ब्लाउजपीस दाखवा.”